वरच्या तोटीचा थेंब

१

“हेमांगी, खून झालाय. भिसे खिंडीत ये. ताबडतोब.”

एवढं सांगून महादेवकाकांनी फोन ठेवला. काका पेणच्या शाळेत चौतीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झाले, पण हुकूम सोडण्यातून काही निवृत्त झाले नाहीत. मी परत फोन लावला तर उचलेनात. काकूंचा बंद. माझ्या चुलतभावाचा, श्रेयसचा, लागेचना. इकडे रोह्याला माझ्या ओट्यावर पंचवीस माणसांच्या पुरणपोळ्या अर्धवट, दारात मांडव, आणि तीन वाजता मला धाटावला कंपनीच्या लॅबमध्ये सेकंड शिफ्टला हजर व्हायचं होतं. ‘काकांच्या मोटारीचा शंभरावा वाढदिवस’ असं कारण लिहून रजा मागायची माझी काही हिंमत झाली नव्हती. गॅस बंद केला, स्कूटर काढली आणि वाटेत आठवतील तेवढ्या देवांना नवस बोलत खिंड गाठली.

माथ्याच्या दोन वळणं अलीकडे, शकूच्या चहाच्या टपरीसमोर, प्रेत चार चाकांवर उभं होतं.

मी स्कूटर लावली आणि आधी माणसं मोजली. काका, काकू, श्रेयस, महिपतीदादा. चारही जिवंत. त्यावर मला जो राग आला तो अजून पुरता उतरलेला नाही.

“काका, खून कोणाचा?”

“हिचा!” काकांनी मोटारीकडे हात केला. “आणि खुनी तो तिथे बसलाय.”

ही मोटार काकांच्या आजोबांनी १९२५ साली आणली. उंच चाकं, कापडी टप, पुढे हँडल मारून सुरू करायची. तिची पहिली फेरी पेण ते रोहा झाली होती, म्हणून शंभर वर्षांनी तिला त्याच गावाला न्यायचा घाट घातला होता. पुढच्या रेडिएटरच्या झाकणावर वीतभर शाडूचा गणपती होता. तो काकूंचा हट्ट. भटजींकडून सकाळी त्याची प्राणप्रतिष्ठा करून घेतली होती आणि मूर्ती, झाकण, रेडिएटरची मान अशी सगळ्यांना मिळून लाल दोऱ्याचे अकरा वेढे दिले होते. रोह्याला माझ्या दारात उत्तरपूजा होईपर्यंत देव हलवायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. मोटारीत बसून देव पस्तीस किलोमीटर येणार ते चालतं का, असं मी विचारलं होतं. “मोटार हलते, देव आपल्या जागीच असतो,” असं उत्तर मिळालं. तिथे मी नाद सोडला.

खुनी म्हणून दाखवलेले महिपतीदादा किलोमीटरच्या दगडावर बसले होते. खांद्यावर कोरा टॉवेल, डोक्यावर कोरी पांढरी टोपी, टोपीच्या काठावर मात्र एक काळं बोट उमटलेलं. ते गागोदे बुद्रुकचे. भातशेती सांभाळून चाळीस वर्षं ही मोटार तेच चालवतात, तेच पुसतात, तेच दुरुस्त करतात. त्याआधी त्यांचे वडील करायचे.

“चढावर इंजिनात खडखड सुरू झाली,” काका सांगू लागले. मोटारीचं हँडल त्यांनी काढून घेऊन छडीसारखं काखेत धरलं होतं. “याने मधेच गाडी उभी केली. श्रेयसने खाली जाऊन तेलाच्या दोन्ही तोट्या उघडल्या. टिपूस नाही! इंजिन कोरडं ठणठणीत. तेल न बघता गाडी काढली याने! अगं, पूजा हिने केली, हार श्रेयसने आणला, पाणी मी स्वतःच्या हाताने घातलं. याच्याकडे एकच काम होतं, तेल बघायचं. एकच! आजपासून याने गाडीला हात लावायचा नाही.”

मी दादांकडे पाहिलं. ते भांडले असते तर मला बरं वाटलं असतं.

“इसरलो असन, हेमाताय,” ते म्हणाले. “वय झाला माजा.”

 गेल्या महिन्यात दादा चष्मा एसटीत विसरले होते, त्याआधी एकदा चुकीच्या फाट्यावर उतरले होते, आणि घरात ‘महिपतीचं आता काही खरं नाही’ अशी कुजबुज चालू झाली होती. ती त्यांच्या कानावर गेली असणारच. हा माणूस तेल बघायचं विसरला असेल, तर मोटार तर जाईलच, पण स्वतःच्या डोक्यावरचा त्याचा विश्वासही जाईल. सत्तरी उलटल्यावर तो परत येत नाही.

“मला अडीचला निघायचंय,” मी म्हणाले. “तोवर कोणी कोणाला खुनी म्हणायचं नाही.”

“किती येळ उभी ऱ्हानार गो ही?” टपरीतून शकू ओरडली. “माजा गिऱ्हाईक दिसत नाय रस्त्यावरून!”

२

हल्लीच्या गाडीत तेल बघायला एक लांब पट्टी असते. काढली, पुसली, बुडवली, बघितली. या मोटारीला पट्टीबिट्टी काही नाही. इंजिनाच्या पोटाला मागच्या बाजूला दोन पितळी तोट्या आहेत, एक वर आणि एक तिच्याखाली चार बोटांवर. पोतं अंथरून उताणं गाडीखाली सरकायचं आणि आधी वरची उघडायची. थेंब आला तर तेल भरपूर. नाही आला तर खालची उघडायची. तिच्यातून आलं तर वरून थोडं तेल घालून निघायचं. तिच्यातूनही नाही आलं, तर गाडी जागची हलवायची नाही. लहानपणी मी दादांच्या शेजारी उताणी पडून हे शिकले होते आणि आईचा मारही खाल्ला होता.

“दादा, आज सकाळपासून सांगा. काय काय केलंत?”

“यस्टीनं आलो. सव्वासात झाले व्हते. पूजा झालेली. सर रागावले, उशीर केला म्हून. मंग पोता टाकला, खाली शिरलो, वरची तोटी उघडली. थेंब आला बोटावर.”

“मग विसरलात कुठे?”

“तेच तर, ताय.” त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. “दर खेपेला थेंब येतोच ना. चाळीस वर्सा मी तो थेंब बघतोय. आजचा कुठला नि मागल्या खेपेचा कुठला, मला कसा कळायचा? डोळे मिटले का सगले थेंब सारखेच दिसतात. सर बोलतात नाय बघितला, तर नाय बघितला असन.”

मला काकांचा राग आलाच, पण दादांचाही आला. एखाद्याने सरांवर इतका विश्वास ठेवावा की स्वतःच्या बोटावर ठेवू नये?

बोट म्हणताच मी त्यांच्या टोपीकडे पाहिलं.

“काकू, ही टोपी दादांना कधी दिलीत?”

“आज सकाळीच.” काकू टपरीच्या बाकावर पदराने वारा घेत होत्या. “मोटारीची इतकी वर्षं सेवा केली म्हणून टॉवेल-टोपी आणली होती. हा गाडीखालून उठला आणि मी हातात ठेवली. याने हात धुवायचे ना आधी? तशीच घातली डोक्यावर! नव्याकोऱ्या टोपीला काळं बोट. मी ओरडलेसुद्धा.”

“हँडल मारायच्या आधी?”

“आधीच. हँडल नंतर मारलं. श्रेयसने फोटो काढलाय बघ.”

श्रेयसच्या फोनमध्ये फोटो होता. सात बेचाळीस. दादा हँडलकडे वाकतायत, टोपीवर बोट स्पष्ट. पूजेसाठी मोटार आदल्या दिवशी घासूनपुसून लख्ख केलेली. गाडीखालून उठलेल्या माणसाच्या बोटाला काळं लागतं ते एकाच ठिकाणी.

“काका, सकाळी साडेसातला वरच्या तोटीतून तेल आलं होतं.”

“मग दहा वाजता दोन्ही तोट्या कोरड्या कशा?” काका हँडल आपटत म्हणाले. “गेलं कुठे तेल? रस्त्यावर एक डाग दाखव!”

डाग नव्हता, हे खरं होतं. मी वळणापर्यंत चालत जाऊन आले होते. 

“तेल ना?” काकू बाकावरून म्हणाल्या. “तेल माझ्या पोर्चमध्ये आहे. नव्या फरशीवर. काल संध्याकाळपासून.”

३

काकूंनी गेल्या महिन्यात पोर्चमध्ये पांढरी फरशी बसवली. तेव्हापासून त्यांचं आणि मोटारीचं उभं वैर. काल संध्याकाळी दिवा लावायला बाहेर आल्या तर मोटारीखाली ताटाएवढा काळा डाग. म्हातारी गाडी गळतेच, असं म्हणून त्यांनी राख टाकली आणि दहा मिनिटं मोटारीला शिव्या घातल्या.

काकू हे सांगत होत्या तेव्हा श्रेयस एकदम फोनमध्ये गुंगला. ज्या खिंडीत त्याच्या फोनला रेंजच नाही तिथे.

“श्रेयस. इकडे ये.”

श्रेयस पुण्याला असतो. त्याला ही मोटार अलिबागजवळच्या एका रिसॉर्टला द्यायची आहे, रिसेप्शनमध्ये ठेवायला. वर्षभर तो काकांच्या मागे लागलाय. दारात काचेआड उभी राहील, लोक सोबत फोटो काढतील. इंजिन चालायलाच हवं अशी त्यांची अट नाही, हेही त्यानेच कधीतरी सांगितलं होतं. मी आता त्याची आठवण करून दिली.

“ताई, तू माझ्यावर संशय घेतेस?”

“मी सगळ्यांवर घेतेय. डाग कसा पडला?”

त्याने काकांकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. “काल पाच वाजता मी खाली गेलो होतो. रिसॉर्टवाल्यांना खालून फोटो हवे होते. त्या तोट्या दिसल्या. म्हटलं बघू काय आहे. खालची फिरवली तर तेलाची धारच लागली. परत फिरवतोय तर फिरेना! तांब्याभर तरी गेलं असेल. मग झाली बंद.”

“आणि तू बोलला नाहीस!”

“बोलणार होतो गं. पण बाबा समोर आले आणि रिसॉर्टवरून सुरू झाले. मग मी त्यांना माझी गाडी उघडून दाखवत बसलो. नव्या गाड्या किती सोप्या असतात ते. बॉनेट वर करा, झाकण उघडा, पाणी ओता, झालं. सतत कोणाला गाडीखाली झोपावं लागत नाही. ते नेहमीसारखे चिडले, आणि राहून गेलं.”

“खालच्या तोटीतून काय आलं? नीट आठव.”

“तेल. काळंभोर. दुसरं काय येणार?”

“श्रेयसभाऊ,” दादा हळूच म्हणाले, “मला नुसता सांगायचा ना.”

काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. खुनी बदलायची वेळ आली होती आणि नवा खुनी पोटचा पोरगा निघत होता.

खरं तर तिथे मी हात झटकून स्कूटरला किल्ली लावायला हवी होती. श्रेयसने तेल सांडलं, कोणी बघितलं नाही, मोटार बंद पडली, संपलं. पण टोपीवरचं ते बोट मला सोडेना. मी मोटारीच्या पायरीवर बांधलेला तेलाचा डबा पाहिला. नवा कोरा, झाकणाची पट्टी अजून तुटलेली नव्हती.

“दादा, सकाळी तेल घातलंत?”

“नाय. वरची आली मंग कशाला घालू?”

“दुसरं कोणी घातलं?”

कोणीच नाही. घरात दुसरा डबाच नव्हता.

आता बघा माझ्या डोक्याचा ताप. काल पाच वाजता खालच्या तोटीतून तांब्याभर तेल गेलं. म्हणजे पातळी वरच्या तोटीच्या खाली उतरलीच पाहिजे. तेल कोणी घातलं नाही. आणि आज साडेसातला त्याच वरच्या तोटीतून तेल आलं.

“म्हणजे रात्रीत तेल वाढलं,” मी मोठ्याने म्हणाले.

“वाढला?” शकू कपबशा विसळत म्हणाली. “गोडंतेल वाढवून दे मंग मला गो!”

४

काकांचा पोरावरचा राग अजून उतरला नव्हता. पण समोर प्रश्न पडलेला आणि उत्तर येत असलेलं, अशा वेळी शिक्षकाला गप्प बसवत नाही.

“अगदी सोपं आहे,” ते म्हणाले आणि हँडलच्या टोकाने धुळीत एक डबा काढला. “पातळी वाढली म्हणजे तेल वाढलं असं कोण म्हणतं? आठवीचा धडा. हेमांगी, तुला मी स्वतः शिकवलाय. ग्लासात तेल घे, त्यात पाणी ओत. पाणी तळाला जातं, तेल वर उचललं जातं. इंजिनात पाणी शिरलंय! तेल तेवढंच, पण पाण्याने वर उचललं. वरच्या तोटीपाशी तेल, खाली सगळं पाणी!”

मला टाळी वाजवावीशी वाटली. इतकं स्वच्छ उत्तर माझ्या लॅबमध्येसुद्धा कोणी देत नाही.

“मग दोन्ही तोट्या कोरड्या का?” श्रेयसने विचारलं.

 उत्तर दगडावरून आलं.

“तार घालून बघा, ताय. तेलात पाणी गेला नि इंजीन फिरला का घुसळतो. साय धरते. तोटी चोंदते.” दादांनी खिशातून बोटभर तार काढली. पुढे मात्र केली नाही, उठलेही नाहीत. “मला हात लावायचा नाय.”

म्हणजे मलाच जायचं होतं. समारंभासाठी मोतिया रंगाचा ड्रेस घातला होता, इस्त्रीचा. पोतं अंथरून मी खाली सरकले. वरची तोटी उघडली. काही नाही. तार घातली, फिरवली, ओढली. आधी एक घट्ट गोळा माझ्या कपाळावर पडला आणि मागोमाग दुधाळ, दाट रबरबाट, कॅन्टीनच्या कॉफीच्या रंगाचा. खालच्या तोटीतूनही तेच.

मोटार कोरडी नव्हतीच. ती पोटभर पाणी पिऊन आली होती.

मी बाहेर आले तेव्हा काकूंनी माझ्या ड्रेसकडे बघून ‘अगं बाई’ केलं आणि काकांनी निकाल दिला.

“आदर्श! काल दुपारी दोन वाजता आदर्शने पाइप मारून गाडी धुतली. तेव्हा गेलं पाणी!”

आदर्श म्हणजे दादांचा पुतण्या. डोलवीला कंत्राटी कामावर आहे. सुट्टी टाकून केवळ काकांच्या शब्दाखातर मोटार धुवायला आला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. आणि आज पहिल्यांदा दादा दगडावरून उठले.

“सर, मला काय पन बोला. पोराचा नाव काढू नका.”

“दादा, बसा,” मी म्हणाले. “आदर्श नाही. काका, तुमचाच धडा घ्या. पाणी तळाला जातं. आदर्शने दोन वाजता गाडी धुतली, श्रेयसने पाच वाजता खालची तोटी उघडली. तेव्हा आत पाणी असतं तर आधी काय आलं असतं?”

काकांनी धुळीतल्या डब्याकडे पाहिलं. “पाणी,” ते नाइलाजाने म्हणाले.

“आणि आलं काळंभोर तेल. म्हणजे पाचपर्यंत इंजिनात पाणी नव्हतं. आज साडेसातला होतं. मधल्या वेळात मोटारीजवळ पाणी घेऊन कोण गेलं?”

 मग काकू, ज्या इतका वेळ पदराने वारा घेत होत्या, त्या थांबल्या.

“सकाळी पूजेचा तांब्या मला सापडत नव्हता,” त्या म्हणाल्या आणि काकांकडे बघत राहिल्या.

५

“मी नेला होता!” काका म्हणाले. “त्यात लपवायचं काय? आल्या आल्या सांगितलं ना मी, पाणी मी घातलं. रेडिएटरमध्ये!”

“पूजेच्या आधी की नंतर?”

“नंतर. सातच्या सुमाराला. या महिपतीचा पत्ता नव्हता. म्हटलं पाणी तरी घालून ठेवू. दोन तांबे घातले.”

“दादा, तुम्ही पाणी बघितलं नाहीत?”

“सर बोलले, पानी झाला. आनि वर देव बसलेला, मी कसा उघडनार?”

मी रेडिएटरकडे पाहिलं. झाकणावर गणपती. अकरा वेढे जसेच्या तसे, भटजींची गाठ जशीच्या तशी, ओल्या कुंकवात रुतलेल्या अक्षता तशाच. पूजेनंतर ते झाकण कोणी फिरवलं असतं तर दोरा तुटल्याशिवाय राहिला नसता.

मी तिथल्या तिथे सांगू शकले असते. पण काका सांगितलेल्यावर विश्वास ठेवत नाहीत, ते प्रयोगावर ठेवतात. मी शकूकडून तांब्याभर पाणी घेतलं आणि त्यांच्यापुढे केलं.

“काका, सकाळी घातलंत तसंच आता घाला. आम्ही बघतो.”

काकांनी हँडल श्रेयसच्या हातात दिलं आणि बाह्या सरसावल्या. वर्गात प्रयोग करून दाखवायला उभे राहायचे तसे उभे राहिले. देवाला नमस्कार केला, त्याला जराही धक्का न लावता बाजूने आले, बॉनेटची एक बाजू उचलली, इंजिनाच्या पुढच्या अंगाचं एक झाकण सफाईने काढलं आणि तांब्या कलता केला.

“सर! थांबा! तेलाचा हाय तो!”

दादा कधी धावले ते कळलंच नाही. त्यांनी आपला तळहात त्या भोकावर दाबून धरला होता, आणि पाणी त्यांच्या हातावरून बॉनेटच्या कडेने खाली सांडत होतं. गाडीला हात लावायचा नाही, हे ते साफ विसरले होते. आज खरोखर विसरले ते एवढंच.

काका तांब्या तसाच धरून उभे राहिले. एक ट्रेलर घरघरत गेला. काका मठ्ठ नाहीत. त्यांनी त्या झाकणाकडे पाहिलं, मग देवाकडे, मग अकरा वेढ्यांकडे.

“महिपती, पाणी कुठे घालतात रे?”

“देवाच्या खाली, सर. रेडेटरचा तोंड तिकडं हाय.”

काकांनी तांब्या खाली ठेवला.  जन्मापासून हीच मोटार घरात, पण ते बसले कायम मागच्या सीटवर. मागच्या सीटवरून बॉनेटच्या आतलं दिसत नाही. ते आयुष्यात पहिल्यांदा बघितलं काल, तेही श्रेयसच्या गाडीत. बॉनेट वर करा, झाकण उघडा, पाणी ओता. सकाळी दादांना उशीर झाला, देव हलवायचा नाही, म्हणून माझ्या काकांनी, विज्ञानाच्या शिक्षकांनी, देवाचा मान राखून इंजिनात दोन तांबे पाणी ओतलं होतं. रस्त्यात मोटार तापली तेव्हाही त्याच देवामुळे रेडिएटर कोणी उघडला नव्हता. मला हसू येत होतं आणि रडूही.

“सुनीती,” काका काकूंना म्हणाले, “उत्तरपूजा कर.”

“इथे? रस्त्यात?”

“इथेच.”

काकूंनी एकदा दादांच्या ओल्या हाताकडे पाहिलं आणि त्या बाकावरून उठल्या. टपरीच्या बाकावर पाट नव्हता म्हणून टॉवेल अंथरला, देवावर अक्षता टाकून पुन्हा येण्याचं आमंत्रण दिलं, हात जोडले आणि दोरा तोडला. दादांनी झाकण उघडून आत बोट घातलं. बोट कोरडं आलं.

त्या गडबडीत दादा माझ्याजवळ येऊन उभे राहिले. “हेमाताय, मंजे मी सकाळी वरची बघितली व्हती?”

“बघितली होतीत, दादा. तुमच्या डोक्यावरच लिहिलंय.”

त्यांनी टोपी काढली. काळ्या डागाकडे कितीतरी वेळ बघितलं, मग त्यावर आपलं बोट ठेवलं. बरोबर बसलं.

“नव्हतो इसरलो,” ते म्हणाले. मला नाही, त्या टोपीला. त्यांचे डोळे भरून आले आणि माझेही.

“नव्हतास.” काका मागे उभे होते. त्यांनी श्रेयसच्या हातातून हँडल घेतलं आणि दादांपुढे धरलं. “चूक माझी.”

चौतीस वर्षांत हे दोन शब्द त्यांच्या कुठल्याही विद्यार्थ्याने ऐकले असतील असं मला वाटत नाही.

दादांनी हँडल घेतलं, पुढे लावलं आणि अगदी हळू, झोपलेल्या पोराची कूस बदलावी तसं, फिरवून बघितलं. अर्धा वेढा. मग पुरा.

“मेली नाय, सर. आवाज आला तवाच उभी केली ना, म्हून वाचली. हा सगला राडा काढायचा, दोनदा नवा तेल घालून धुवायचा. आज टेम्पोतून न्यायची.”

“मी ‘चल, दोन वळणं राहिलीत’ म्हणत होतो,” काका पुटपुटले.

“व्हय. मी आइकला नाय.” दादांनी हँडल काढून घेतलं. “पन चूक माजी बी हाय, सर. खालची बी बघाया पायजे व्हती. वरची आली का खालची कोन बघत नाय. खालची उघडली असती तर पानी दिसला असता.”

काकांनी मान हलवली. मग रेशमी कुडत्याच्या बाह्या पुन्हा वर केल्या. “पोतं दे.”

“कशाला?”

“दे म्हणतो ना. दाखव मला कसं बघतात ते.”

काकू ‘अहो, कुडता!’ म्हणेपर्यंत काका उताणे होऊन मोटारीखाली गेलेसुद्धा. बाहेर फक्त त्यांच्या चपला राहिल्या. श्रेयस फोटो काढायला निघाला होता, मी त्याच्या हातावर चापट मारली. पावणेदोन वाजले होते, घरी पुरण आंबत होतं, कपाळावर माझ्या अजून तो रबरबाट होता, आणि मी तिथून हलत नव्हते.

“महिपती,” खालून आवाज आला, “दोन तोट्या दिसतायत. यातली वरची कुठली?”

“वरची मंजे वरची, सर.”

“अरे, मी उताणा आहे! माझ्या डोक्याकडची वरची की नाकासमोरची?”

महिपतीदादांनी कपाळाला हात लावला. चाळीस वर्षांत सरांवर वैतागलेलं त्यांना मी पहिल्यांदा बघितलं.

“डोका सोडा, नाक सोडा! जमिनीपासून लांब हाय ती वरची!” ते वाकून ओरडले. “शालेत काय शिकवत व्हतात वो तुमी?”

मोटारीबाहेरच्या चपला एकदा हलल्या.

“विज्ञान,” काका म्हणाले.